मीठ दिल्लीचे, जमीन मुंबईची

नोव्हेंबर २०२० मधली गोष्ट. टाळेबंदी सैल झाली होती आणि मी पुन्हा सकाळी फिरायला जाऊ लागलो होतो. कांजूरमार्ग स्थानकाच्या पूर्वेला उतरले, गावातून पुढे गेले की पूर्व द्रुतगती महामार्ग लागतो. त्याच्या पलीकडे मिठागरे, मग तिवरे, मग ठाण्याची खाडी. महिनाभर तिथे मेट्रोच्या कारशेडसाठी माती परीक्षणाची यंत्रे उभी होती. एके दिवशी तिथे फलक लागल्याचे दिसले. ही जमीन केंद्र सरकारच्या मीठ विभागाची आहे, असा त्याचा आशय होता. राज्य सरकारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी याच जमिनीपैकी १०२ एकर जागा ऑक्टोबरात एमएमआरडीएला दिली होती, तीही आपली म्हणून.

मी महाविद्यालयात तीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले. घटनेची सातवी अनुसूची दर वर्षी फळ्यावर लिहायचो. केंद्राची यादी, राज्यांची यादी, समवर्ती यादी. मूळ नोंदी अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७. मुले आकडे पाठ करत, परीक्षेत लिहीत, विसरून जात. खरे तर मीही त्या याद्यांकडे तिजोरीच्या तीन कप्प्यांसारखे पाहत होतो. प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या कप्प्यात असणारच. घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर एक वस्तू दोन कप्प्यांत एकाच वेळी पडलेली आहे, हे निवृत्तीनंतर त्या फलकासमोर उभे राहिल्यावर कळले. तेव्हापासून या विषयाने मला सोडलेले नाही.

प्रश्न साधा आहे. मिठागर म्हणजे मीठ की जमीन?

केंद्राच्या यादीतली ५८ वी नोंद मिठाची आहे. केंद्रीय यंत्रणांकडून होणारे मिठाचे उत्पादन, पुरवठा व वितरण, आणि इतरांकडून होणाऱ्या याच गोष्टींचे नियमन व नियंत्रण. राज्यांच्या यादीतली १८ वी नोंद जमिनीची: जमिनीवरचे हक्क, धारणापद्धती, कूळ-मालक संबंध. मिठाच्या नोंदीत जमिनीचा शब्द नाही आणि जमिनीच्या नोंदीत मिठाचा नाही. पण मीठ हवेत पिकत नाही. उधाणाचे पाणी बांधातल्या उघाडीतून आत घ्यायचे, मोठ्या तळ्यात साठवायचे, उन्हाने घट्ट होत जाईल तसे एका खणातून दुसऱ्या खणात सोडायचे आणि शेवटच्या लहान खणात त्याचे खडे बांधले गेले की फावड्याने ओढून ढीग घालायचा. पावसाळा संपल्यावर बांध दुरुस्त करण्यापासून पुढच्या पावसाच्या पहिल्या सरीपर्यंत हे चालते. या सगळ्याला शेकडो एकर सपाट खाजण लागते. म्हणजे पाणी खाडीचे, ऊन फुकटचे, मीठ दिल्लीचे आणि खालची माती मुंबईची. असे का झाले हे समजायला थोडे मागे जावे लागते.

साष्टी बेट मराठ्यांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतले, इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. कंपनी सरकारने पुढे साष्टीतली गावेच्या गावे मुंबईच्या धनिकांना लावून दिली. कांजूरच्या शेजारची पवई फ्रामजी कावसजी बनाजींकडे होती. त्या इस्टेटींचे खास अधिकार १९५१ च्या कायद्याने संपले. खाडीकाठच्या मिठाचे प्रकरण मात्र वेगळ्या वाटेने गेले, कारण मिठावर कर होता आणि कर कुणाला बुडवायचा नव्हता. १८८२ चा भारतीय मीठ कायदा आणि १८९० चा मुंबईचा मीठ कायदा यांनी परवान्याशिवाय मीठ पिकवणे हा गुन्हा ठरवला. त्यामुळे मिठागर कुठे असावे, बांध कुठे घालावा, ढिगावर पहारा कुणाचा, हे सगळे सरकार ठरवू लागले. मीठखात्याच्या चौक्या बसल्या. लांब मुदतीचे, बहुधा ९९ वर्षांचे, भाडेपट्टे झाले. आर्थर, जेंकिन्स, जामास्प ही कांजूर-भांडुप-मुलुंड पट्ट्यातल्या मिठागरांची नावे त्या काळाची खूण आहेत.

या भाडेपट्ट्यांत मालक म्हणून कोणाचे नाव असे? १८५८ नंतर सरकारचे असे सर्व करार 'सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल' या एकाच नावाने होत. मुंबई सरकारने केलेला करार असो की कलकत्त्याच्या वा दिल्लीच्या, मालक तोच, लंडनमध्ये बसलेला. तेव्हा जमीन मुंबई सरकारची की हिंदुस्थान सरकारची हा प्रश्नच उद्भवत नव्हता. एकत्र कुटुंबात भांडी कुणाची हे कोणी विचारत नाही. ते वाटणीच्या दिवशी विचारतात.

वाटणीची सुरुवात १९१९ च्या कायद्याने झाली. त्यात पहिल्यांदा 'केंद्रीय' आणि 'प्रांतिक' असे विषय वेगळे झाले. जमीन महसूल प्रांतांकडे गेला, कारण तलाठ्यापासून कलेक्टरापर्यंतची साखळी त्यांच्याच हातात होती. मीठ, सीमाशुल्क, प्राप्तिकर, अफू हे केंद्राकडे राहिले. १९२० च्या मेस्टन समितीचा सगळा हिशेब या विभागणीवर बेतलेला होता. आपल्याला वाटते की मीठ केंद्राकडे गेले त्यामागे काही तत्त्व असेल. तसे काही नव्हते. केंद्राला पैसा हवा होता आणि मिठाचा पैसा हमखास होता, कारण मीठ न खाऊन कोणी राहू शकत नाही. ज्या कारणाने तो कर लोकांना अन्यायाचा वाटला, त्याच कारणाने तो सरकारला सोयीचा होता.

पुढचा भाग आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १९३० साली गांधीजींनी दांडीला मूठभर मीठ उचलले. महाराष्ट्रात शिरोड्याचा सत्याग्रह झाला, मुंबईत विलेपार्ल्याची छावणी उभी राहिली, वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांचे लोंढे गेले आणि लाठ्या खाऊन परतले. या लढ्याचे वर्णन आपण साम्राज्याविरुद्धचा लढा असे करतो आणि ते बरोबरच आहे. पण राज्यशास्त्राच्या मास्तराला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वडाळ्याची मिठागरे मुंबई शहरात होती, लाठ्या मारणारे पोलीस मुंबई सरकारचे होते आणि वाचवला जात होता तो केंद्राचा महसूल. विषय एकाचा, अंमलबजावणी दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था तेव्हापासूनची आहे.

आता मी त्या तारखेकडे येतो जी माझ्या मते कांजूरच्या वादाचे मूळ आहे: १ एप्रिल १९३७. १९३५ च्या कायद्यातला प्रांतांचा भाग त्या दिवशी अमलात आला. आता मालमत्तेची वाटणी करणे भाग होते. त्या कायद्याचे १७२ वे कलम कोणी वर्गात शिकवत नाही. मीही कधी शिकवले नाही. त्यात म्हटले आहे, थोडक्यात सांगतो, की प्रांताच्या हद्दीत असलेल्या सरकारी जमिनी व इमारती प्रांताच्या कारभारासाठी म्हणून त्या प्रांताकडे जातील. अपवाद एक: त्या दिवशी त्यांचा वापर ज्या कामासाठी चालू असेल ते काम यापुढे केंद्राचे असेल, तर त्या केंद्राकडे राहतील. याला आणखी काही पोटअपवाद आहेत, पूर्वी वापरात असलेल्या किंवा पुढे वापरायच्या म्हणून राखलेल्या आणि गव्हर्नर-जनरलने तसा दाखला दिलेल्या जागांचे. पण गाभा हाच.

म्हणजे कसोटी मालकीची नव्हती, वापराची होती. जुने कागद कुणाच्या कपाटात आहेत हे पाहायचे नाही. १ एप्रिल १९३७ च्या सकाळी त्या जमिनीवर काय चालले होते ते पाहायचे. टपाल कचेरी असेल तर केंद्राची. मामलेदार कचेरी असेल तर प्रांताची. आणि मिठागर? मीठ केंद्रीय यादीत होते, तेव्हा मिठागर केंद्राचे. पण मिठागर म्हणजे नेमके किती? जिथे खडे बांधले जातात ते खण तर आलेच. पाणी साठवायचे तळे? बांध? बांधाबाहेरचे तिवर, जिथून बांधाच्या दुरुस्तीची माती काढली जाते? दोन मिठागरांच्या मधली, कधीच मीठ न पिकलेली खाजणाची पट्टी? आणि ज्या मिठागरात सरकार स्वतः मीठ पिकवत नव्हते, पट्टेदार पिकवत होता, सरकार फक्त भाडे आणि कर घेत होते, तिथे तो वापर कुणाचा म्हणायचा? चिखलात रेघ ओढायला सांगितली होती आणि भरती रोज दोनदा येत होती.

त्या वेळी या प्रश्नांची उत्तरे शोधायची कुणालाच निकड नव्हती. खाजणाला भावच नव्हता. मुंबईची जागा तेव्हा शीवच्या अलीकडे संपत असे. मग १९५० साली घटना आली आणि तिच्या २९४ व्या अनुच्छेदाने जे ज्याचे होते ते त्याचे म्हणून पुढे चालू ठेवले: डोमिनियनचे ते संघराज्याचे, प्रांताचे ते राज्याचे. जुन्या संदिग्धतेवर नवा शिक्का बसला.

घटनासमितीत मिठाचा उल्लेख झाला तो जमिनीमुळे नव्हे, करामुळे. मिठावरचा कर १ एप्रिल १९४७ पासून उठला. तो उठवणारा अर्थसंकल्प मांडला होता अंतरिम सरकारातले मुस्लिम लीगचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी; हा तपशील आपल्याकडे क्वचित सांगितला जातो. १९४८ च्या घटनेच्या मसुद्यात तर, संघराज्य मिठावर कोणताही कर बसवणार नाही, असे स्पष्ट कलम होते. अंतिम घटनेत ते राहिले नाही. पुढच्या सरकारांचे हात घटनेने बांधू नयेत हा विचार त्यात होता असे मला वाटते. काही असो, परिणाम असा झाला की ज्यासाठी मीठ केंद्राकडे गेले होते तो कर संपला आणि मीठ मात्र केंद्राकडेच राहिले. १९५३ साली किरकोळ उपकराचा कायदा झाला. मीठ आयुक्तांचे मुख्य कार्यालय जयपूरला आहे, सांभर सरोवराच्या प्रदेशात. ते एका अर्थी शोभूनही दिसते. पण त्या कार्यालयाच्या नोंदवहीत मुंबईतली पाच हजारांहून अधिक एकर जमीन आहे आणि जगातल्या सर्वांत महागड्या जमिनींत तिची गणना होते.

बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना सांगितले होते की ही घटना काळवेळ पाहून एककेंद्री किंवा संघराज्यात्मक होऊ शकते. एक वर्षानंतर, शेवटच्या भाषणात, त्यांनी हेही सांगितले की राज्ये आपल्या अधिकारांसाठी केंद्रावर अवलंबून नाहीत. दोघांनाही अधिकार घटनेकडूनच मिळतात. दोन्ही विधाने एकत्र वाचली पाहिजेत. कुठलेही एक निवडून भांडणे सोपे असते.

इतर देशांनी ही वाटणी वेगवेगळी केली. अमेरिकेने केंद्राचे अधिकार मोजून लिहिले आणि उरलेले राज्यांना दिले. कॅनडाने १८६७ साली उरलेले केंद्राला दिले. आपण कॅनडाच्या वाटेने गेलो आणि वर तीन याद्या केल्या. मात्र कॅनडाने सरकारी जमिनी आणि खाणी प्रांतांच्या नावे स्पष्ट लिहून दिल्या. विषय वाटणे आणि जमीन वाटणे या दोन वेगळ्या वाटण्या आहेत, हे तिथे लक्षात ठेवले गेले. आपल्याकडे १९३५ च्या कायद्याने दुसरी वाटणी पहिलीवर टांगली.

त्याची किंमत पहिल्यांदा कोळशाच्या पट्ट्यात मोजली गेली. संसदेने १९५७ साली कोळसा क्षेत्रे संपादन करण्याचा कायदा केला. पश्चिम बंगालने १३१ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला: राज्य हे आपल्या क्षेत्रात सार्वभौम आहे, त्याच्या मालकीची जमीन केंद्र कशी घेईल? डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला. पाच न्यायाधीशांनी केंद्र घेऊ शकते असे ठरवले. सहावे, न्यायमूर्ती सुब्बाराव, वेगळे पडले. संघराज्यात एकाने दुसऱ्याची मालमत्ता अशी घ्यावी हे त्यांना पटले नाही. मी विद्यार्थ्यांना बहुमताचा निकाल शिकवायचो, परीक्षेला तोच येई. घरी वाचायला मात्र मला सुब्बारावच आवडत. वारा कसा बदलतो पाहा: जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की खनिजांचे नियमन केंद्राकडे असले तरी खनिजाच्या जमिनीवर आणि हक्कावर कर बसवण्याचा राज्यांचा अधिकार शाबूत आहे. विषय केंद्राचा म्हणून खालची जमीनही आपोआप केंद्राच्या कक्षेत जात नाही, हे निदान खाणींपुरते ठरले. मिठागरांपुरते अजून कोणी ठरवलेले नाही.

आता पुन्हा कांजूर.

मेट्रो ३ ही कुलाबा-वांद्रे-सीप्झ अशी साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मार्गिका. ती बांधणाऱ्या कंपनीत केंद्र आणि महाराष्ट्र यांचा निम्मा-निम्मा वाटा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. तिच्या कारशेडसाठी आरे वसाहतीतली जागा ठरली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळताच रातोरात तोड सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक झाडे गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. नोव्हेंबरच्या अखेरीस उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी आरेतले काम थांबवले. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरला नेण्याची घोषणा झाली. कांजूरचा पर्याय आधीच्या सरकारच्या काळातही तपासला गेला होता आणि जागा दाव्यांत अडकलेली म्हणून बाजूला ठेवला गेला होता. जागा तीच, आर्थर मिठागराच्या परिसरातली.

केंद्राने हरकत घेतली आणि उच्च न्यायालय गाठले. १६ डिसेंबर २०२० रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाला स्थगिती दिली आणि जागेवरचे काम थांबवले. यात एक बारकावा आहे. केंद्र आणि राज्य यांच्यातले भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्यासाठी घटनेत १३१ वा अनुच्छेद आहे, बंगालने तोच वापरला होता. कांजूरचे भांडण आले ते जिल्हाधिकाऱ्याच्या एका आदेशाविरुद्धची याचिका म्हणून. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमाप्रमाणे, जी जमीन कुणाची नाही ती राज्याची. आणि कुणी हक्क सांगितलाच तर चौकशी करून निकाल देणार जिल्हाधिकारी, म्हणजे राज्याचाच अधिकारी. शेतकरी किंवा सोसायटी समोर असेल तर हे एक वेळ चालते. समोर भारत सरकार असेल तर? राज्य सरकारच्या एका अधिकाऱ्यापुढे भारत सरकारने आपले म्हणणे मांडायचे, ही कल्पना संहिता लिहिणाऱ्यांच्या डोक्यात १९६६ साली होती का, याची मला शंका आहे. उलट बाजूने, दिल्लीतल्या एका खात्याने राज्याच्या महसुली नोंदीला काहीच किंमत देऊ नये, हेही संघराज्यात शोभत नाही.

स्थगितीनंतर दीड वर्ष काही हलले नाही. मधल्या काळात जे उजेडात आले त्याने मी थक्क झालो. एका खासगी कंपनीने २०२० साली कांजूरच्या तब्बल सहा हजार एकरांवर हक्क सांगणारा तडजोडीचा हुकूमनामा न्यायालयाकडून मिळवून ठेवला होता. त्यात वादातली जागाही येत होती. जून २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो फसवणुकीने मिळवलेला ठरवून रद्द केला. दोन सरकारे मालकीवरून भांडत असताना तिसराच कोणी सगळे गाव नावावर करून गेला होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता! गावातले एक आगरी गृहस्थ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, ही बातमी ऐकून हसले. "मास्तर, तुमच्या त्या यादीत चोरांचा रकाना कितवा?" त्यांच्या आजोबांनी मिठागरात काम केले होते. त्यांच्या लेखी जमीन सरकारची एवढेच पुरेसे होते. कुठले सरकार, हा शहाण्यांचा प्रश्न.

जून २०२२ च्या अखेरीस मुंबईत सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेला गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या मार्गिकेचा आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा सुरू झाला. माझ्या नजरेतून खरी गोष्ट यानंतर घडली. २०२३ साली कांजूरचीच १५ हेक्टर जागा मेट्रो ६ च्या कारशेडसाठी मोकळी झाली. २०२४ साली धारावीच्या पुनर्विकासासाठी मुलुंड-भांडुप-कांजूरची सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन केंद्राने राज्याकडे देण्याचे ठरले. आर्थर, जेंकिन्स आणि जामास्प या तिन्ही मिठागरांतली. केंद्राने दिली आणि राज्याने घेतली, म्हणजे ती केंद्राची हे राज्याने मान्य केले. चार वर्षांपूर्वी राज्यच सांगत होते की आर्थर मिठागराची जागा आपली आहे.

मधल्या चार वर्षांत कायद्याचा एक शब्द बदलला नव्हता. १७२ वे कलम तेच, २९४ वा अनुच्छेद तोच, ५८ वी आणि १८ वी नोंद तीच. मालकी कुणाची हे कोणत्याही न्यायालयाने अखेरचे ठरवलेले नाही. बदलले एवढेच की दिल्लीत आणि मुंबईत एकाच बाजूची सरकारे आली. मी हे कुणा एका पक्षाविरुद्ध लिहीत नाही. उलट स्थिती असती तर उलट घडले असते, आणि पूर्वी तसे घडलेही आहे. माझी तक्रार वेगळी आहे. घटनेतली सीमारेषा चिखलात असेल तर तिची जागा न्यायालयाने किंवा कायद्याने पक्की करायला हवी. ती दर निवडणुकीनंतर पुढे-मागे सरकत असेल, तर राज्याचा अधिकार हा अधिकार राहत नाही, ती दिल्लीची मर्जी होते. आणि राज्यानेही ते सोयीचे असेल तेव्हा मान्य करायचे, नसेल तेव्हा अस्मिता काढायची, हे तितकेच वाईट.

आणखी एक बाजू आहे आणि ती मला जास्त खटकते. या सबंध प्रकरणात दोनच पक्ष बोलले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, नगररचना आणि जमीन वापराचे नियमन हे विषय महापालिकांच्या वाट्याला यावेत म्हणून. पण ते द्यायचे की नाही हे राज्याच्या विधिमंडळावर सोडले. म्हणजे केंद्राने आपला हक्क हिरावला असे म्हणणारे राज्य स्वतः महापालिकेला काय देते, हे पाहिले तर फार फरक दिसत नाही. जकातीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकच्या रांगा मी वर्षानुवर्षे पाहिल्या, त्या त्रासदायक होत्या, पण तो पैसा पालिकेचा होता. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, नाका ओस पडला आणि पालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या धनादेशाची वाट पाहू लागली.

कांजूरच्या वाट्याला पालिकेकडून आली ती कचराभूमी. तिचीही कथा याच गुंत्यातली. वने मुळात राज्यांच्या यादीत होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती यादीत गेली. 'पर्यावरण' हा शब्द तर तिन्ही याद्यांत नाहीच. तरी १९८६ चा पर्यावरण कायदा संसदेने केला आणि त्याखाली १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू झाली. म्हणून खाडीकाठची वीटही दिल्लीच्या नियमाखाली. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कचराभूमीपैकी सुमारे १२० हेक्टर जागा संरक्षित वन असल्याचे सांगितले आणि ती मोकळी करण्यास पालिकेला तीन महिने दिले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तोपर्यंत वारा पूर्वेकडून आला की आम्ही खिडक्या लावून घेतो. वास कुठल्या यादीत येतो, हे मी सांगू शकत नाही.

या लेखासाठी मी गेल्या हिवाळ्यात त्या आगरी गृहस्थांना घेऊन महामार्गापलीकडे गेलो. त्यांना गुडघ्यांचा त्रास, म्हणून रिक्षा केली. पूर्वी कुठला बांध कुणाच्या देखरेखीखाली होता, पाणी आत घेण्याची उघाडी कुठे होती, डहाणूकडून हंगामाला येणाऱ्या कुटुंबांच्या झोपड्या कुठे असत, ते काठीने दाखवत होते. बरेचसे बांध फुटले आहेत आणि खाडीचे पाणी येते-जाते, त्यामुळे तिवरे आत सरकली आहेत. जिथे मीठ पिकायचे तिथे आता रोहित पक्षी उतरतात. १९३७ च्या कसोटीने पाहायचे तर या जमिनीचा आजचा वापर काय म्हणायचा, असे मी त्यांना विचारले. त्यांना कसोटी काय ते समजावून सांगावे लागले. ऐकून घेतल्यावर त्यांनी काठी चिखलात रोवली, ती किती आत जाते ते पाहिले आणि म्हणाले, "भरती लागली. परत फिरू या, रिक्षावाला थांबलाय."